वक्र आरशांतील प्रतिमानिर्मितीचे अध्यापन : किरणाकृती आणि प्रत्यक्ष दर्शन

प्रस्तावना

गोलीय आरशांनी होणारी प्रतिमानिर्मिती हा भौतिकशास्त्रातील सोप्या घटकांपैकी एक मानला जातो. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला तो इयत्ता नववीत प्रथम भेटतो, अकरावीच्या प्रकाशिकीत पुन्हा भेटतो आणि पदवीच्या वर्गात तो येतोच असे गृहीत धरून आपण पुढे जातो. परीक्षेतील गुण पाहता हे गृहीत चुकीचे वाटत नाही. वस्तूची सहा स्थाने आणि त्या प्रत्येक स्थानासाठी प्रतिमेचे स्थान, स्वरूप व आकार यांचा तक्ता बहुतेक विद्यार्थी बिनचूक लिहितात. तथापि त्याच विद्यार्थ्याच्या हाती खराखुरा अंतर्गोल आरसा देऊन 'तुला काय दिसते ते सांग' असे म्हटले, की तक्ता आणि दर्शन यांचा मेळ बसेनासा होतो. अशा वेळी विद्यार्थी बहुधा आपल्या डोळ्यांना चूक ठरवतो आणि तक्त्याला शरण जातो. दोन-चार गुण कमी पडण्यापेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण विज्ञानाच्या वर्गात पाहिलेल्यापेक्षा पाठ केलेले प्रमाण मानण्याची सवय येथे लागते. हा मेळ का बसत नाही आणि तो बसवण्यासाठी अध्यापकाला काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचणीचे स्वरूप

या विषयावरील पायाभूत काम फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅक्डरमॉट यांनी केले. १९८६ मध्ये त्यांनी समतल आरशाविषयीचा आणि १९८७ मध्ये अभिसारी भिंग व अंतर्गोल आरसा यांच्या वास्तव प्रतिमेविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत साधी होती. विद्यार्थ्यासमोर प्रत्यक्ष साहित्य मांडायचे, एखादा बदल केल्यास काय होईल असे विचारायचे, आणि उत्तरामागील कारण त्याच्याकडून काढून घ्यायचे. भिंगाचा अर्धा भाग झाकल्यास काय होईल, या प्रश्नाला अनेकांचे उत्तर 'अर्धी प्रतिमा नाहीशी होईल' असे होते. पडदा काढून घेतला तर प्रतिमा कोठे असेल, या प्रश्नावरही अनेक जण अडखळले. विशेष म्हणजे हा घटक शिकून झालेल्या विद्यार्थ्यांतही या कल्पना टिकून होत्या.

आपल्या वर्गातही हे दोन प्रश्न विचारून पाहावेत. अर्धा आरसा काळ्या कागदाने झाकल्यावर प्रतिमा पूर्णच राहते, केवळ तिची दीप्ती निम्मी होते, हे प्रयोगात दिसले तरी काही चेहऱ्यांवरचा अविश्वास जात नाही. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. विद्यार्थ्याच्या मनात प्रतिमा ही वस्तूपासून निघून अखंड स्वरूपात प्रवास करणारी, एखाद्या छायाचित्रासारखी गोष्ट असते. आरसा तिला अडवतो, उलटी करतो आणि पडद्यावर टाकतो. या चित्रात आरशाचा वरचा भाग वस्तूच्या वरच्या भागासाठी आणि खालचा भाग खालच्या भागासाठी राखीव असतो. त्यामुळे आरसा झाकला की प्रतिमा कापली जाणार, हे ओघानेच आले.

या समजुतीला हसण्याचे कारण नाही. वस्तूपासून तिच्या आकाराच्या पातळ प्रतिकृती सुटून डोळ्यांत शिरतात, असे प्राचीन ग्रीक अणुवादी मानत असत. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना प्रकाश निघतो, हा विचार अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम याने पद्धतशीरपणे मांडला. एका बिंदूपासून निघालेला किरणांचा संपूर्ण शंकू डोळ्याच्या बाहुलीत शिरून पुन्हा एका बिंदूत एकवटतो, हे सूत्र केप्लरने १६०४ मध्ये सिद्ध केले. मानवजातीला जे उमगायला इतकी शतके लागली, ते दोन तासिकांत विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडावे ही अपेक्षाच अवाजवी आहे.

दोन किरणांची सवय

अखंड प्रवास करणाऱ्या प्रतिमेची समजूत आपल्या किरणाकृती दूर करत नाहीत. माझ्या मते त्या तिला खतपाणी घालतात. पाठ्यपुस्तकातील आकृतीत वस्तू म्हणजे एक बाण असतो. बाणाच्या टोकापासून दोन किरण निघतात. एक मुख्य अक्षाला समांतर जातो व नाभीतून परततो, दुसरा वक्रता केंद्रातून जातो व त्याच मार्गाने परततो. ते छेदतात तेथे प्रतिमेचे टोक. ही रचना सोयीची आहे, पण हे दोन किरण केवळ सोयीसाठी निवडले आहेत हे सांगायचे राहून जाते. विद्यार्थ्याला वाटते, प्रतिमा या दोन किरणांमुळेच तयार होते.

ही समजूत उघडी पाडणारे एक उदाहरण फळ्यावर जरूर सोडवावे. प्रयोगशाळेत ५ सेंमी व्यासाचा, २० सेंमी नाभीय अंतराचा आरसा सहज मिळतो. त्याच्यापासून ६० सेंमी अंतरावर १० सेंमी उंचीची मेणबत्ती अशी ठेवा, की तिचा तळ अक्षावर आणि ज्योत अक्षापासून १० सेंमी वर असेल. ज्योतीपासून अक्षाला समांतर निघालेला किरण आरशाच्या ७.५ सेंमी वरून निघून जाईल. वक्रता केंद्रातून जाणारा किरण अक्षाखाली २० सेंमीवर आणि नाभीतून जाणारा किरण अक्षाखाली ५ सेंमीवर पोहोचेल. आरसा मात्र अक्षाखाली अवघा २.५ सेंमी आहे. म्हणजे पाठ केलेल्या चार किरणांपैकी तीन आरशाला स्पर्शही करत नाहीत. मग ज्योतीची प्रतिमा मिळेल का? वर्गात येथे हमखास मतभेद होतात. प्रत्यक्षात आरशासमोर ३० सेंमीवर, वस्तूच्या निम्म्या आकाराची, उलटी प्रतिमा पडद्यावर स्वच्छ उमटते. ज्योतीपासून निघून आरशाच्या त्या लहानशा पृष्ठावर पोहोचणारे असंख्य किरण ती घडवतात. न पोहोचणारे तीन किरण आपण केवळ भूमितीसाठी, आरशाची पातळी मनाने वाढवून काढलेले असतात.

यावर उपाय खर्चाचा नाही. पहिल्या तासिकेत विशेष किरण काढूच नयेत. वस्तूवरील एकच बिंदू घ्यावा, त्यापासून आरशाच्या पाच-सहा ठिकाणी किरण न्यावेत आणि प्रत्येक ठिकाणी वक्रता केंद्राकडे जाणारी स्तंभिका काढून परावर्तनाच्या नियमाने परतीचा किरण काढावा. कोनमापक व कंपासपेटी पुरेशी आहे. सर्व परतीचे किरण जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या पेन्सिलीने पाहिले की 'प्रतिमाबिंदू' या संज्ञेला अर्थ येतो. त्यानंतर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने दुसरा बिंदू घ्यावा. आरशाच्या त्याच जागांवरून दोन्ही रंगांचे किरण परतताना दिसले, की वरचा भाग वरच्यासाठी ही कल्पना आपोआप गळून पडते. 'जवळजवळ एकाच ठिकाणी' यातील 'जवळजवळ'कडे आपण पुढे येणार आहोत.

डोळा कोठे आहे?

किरणाकृतीतील सर्वांत मोठी उणीव म्हणजे तिच्यात पाहणारा नसतो. समतल आरशाच्या आकृतीत एखादा डोळा काढण्याची प्रथा आहे. वक्र आरशाच्या आकृतीत तोही दिसत नाही. म्हणून तक्त्यातील विधाने 'प्रतिमा कोठे आहे' याविषयीची आहेत आणि विद्यार्थ्याचा अनुभव 'मला काय दिसते' याविषयीचा आहे, हा भेद लक्षात येत नाही.

दाढीचा आरसा घेऊन हा भेद अतिशय स्पष्ट करता येतो. त्याचे नाभीय अंतर ३० सेंमी आहे असे समजू. (खिडकीबाहेरच्या दूरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर घेऊन ते मोजता येते. यासाठी सूर्य वापरू नये.) विद्यार्थ्याने एक डोळा मिटून, दुसरा आरशाच्या अक्षावर ठेवून, चेहरा आरशाजवळून हळूहळू मागे न्यावा. निकटबिंदू २५ सेंमी धरला तर पुढील क्रम अपेक्षित आहे.

चेहरा १० सेंमीवर असताना आभासी प्रतिमा आरशामागे १५ सेंमीवर असते, म्हणजे डोळ्यापासून बरोबर २५ सेंमीवर. येथपासून ३० सेंमीपर्यंत चेहरा सुलट, मोठा आणि स्पष्ट दिसतो. ३० सेंमीवर चेहरा नाभीपाशी येतो. तक्ता म्हणतो : प्रतिमा अनंत अंतरावर, विशालन अनंत. हे वाचून विद्यार्थ्याची कल्पना होते, की येथे काहीच दिसणार नाही. वस्तुतः शिथिल डोळ्याला समांतर किरणच सर्वांत सुखाचे असतात, आणि चेहरा उत्तम दिसतो. किती मोठा? समतल आरसा याच जागी असता तर चेहरा ६० सेंमीवर दिसला असता. येथे तो त्याच्या दुप्पट कोनीय आकाराचा दिसतो. विशालन अनंत होऊनही चेहरा दुप्पटच का दिसतो, हा प्रश्न पदवीच्या वर्गालाही विचार करायला लावतो. प्रतिमा जितकी मोठी होते तितकीच ती दूर जाते, आणि डोळ्याला कळतो तो दोहोंचा भागाकार.

आता चेहरा ४५ सेंमीवर न्या. नाभी व वक्रता केंद्र यांच्या दरम्यानची ही जागा. तक्त्यानुसार प्रतिमा वास्तव, उलटी, विशालित आणि वक्रता केंद्राच्या पलीकडे असते. गणितानेही ती आरशापासून ९० सेंमीवर, दुप्पट आकाराची येते. पण विद्यार्थ्याला दिसतो तो धूसर, आणखी मोठा आणि सुलट चेहरा. तो काय लिहील? तक्ता पाठ असलेला 'उलटी' असे लिहील. प्रामाणिक असलेला 'सुलट' असे लिहील आणि गुण गमावील. दोघांनाही आपण न्याय देत नाही. खरी गोष्ट अशी, की प्रतिमा त्याच्या डोक्यामागे ४५ सेंमीवर तयार होणार आहे. किरण तेथे एकत्र येण्यापूर्वीच डोळ्याने त्यांना वाटेत गाठले आहे. अभिसारी किरण एकवटण्याची व्यवस्था डोळ्यात नसल्याने दृश्य धूसर होते. आणि उलटे होण्यासाठी प्रकाशाला जेवढे जायचे होते तेवढा तो गेलाच नाही, म्हणून ते सुलट राहते. चेहऱ्याच्या जागी पेटती मेणबत्ती ठेवून ९० सेंमीवर पडदा धरला, की दुप्पट आकाराची उलटी ज्योत त्यावर दिसते. तक्ता आणि डोळा दोघेही खरे. त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे.

चेहरा मागे नेत ६० सेंमीवर, म्हणजे वक्रता केंद्रापाशी, आणला की धूसरपणा पराकोटीला जातो आणि आरसाभर डोळ्याच्या बाहुलीचाच काळपट रंग पसरल्यासारखा वाटतो. तेथून पुढे दृश्य उलटते. परंतु प्रतिमा अजून डोळ्याच्या अगदी पुढ्यात असते, म्हणून ती स्पष्ट नसते. ७५ सेंमीवर आल्यावर प्रतिमा आरशापासून ५० सेंमीवर म्हणजे डोळ्यापुढे २५ सेंमीवर येते, आणि तेव्हा प्रथमच आपला उलटा चेहरा नीट दिसतो. तरुण डोळ्यांचा निकटबिंदू २५ सेंमीपेक्षा बराच जवळ असतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना तो याआधीच दिसेल. चष्मा काढून पाहणाऱ्याचे आकडे आणखी निराळे येतील. हा फरक दोष म्हणून टाकून न देता त्यावरच चर्चा करावी. ज्याचा चष्मा ऋण क्रमांकाचा आहे त्याला ३० सेंमीवरचा आपला चेहरा चष्म्याविना अस्पष्ट का दिसतो, हे त्याच्याच तोंडून काढून घेता आले तर प्रकाशिकीची दोन प्रकरणे जोडली जातात.

पडद्याविना प्रतिमा

'वास्तव' आणि 'आभासी' या संज्ञांनी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे एक वेगळी अडचण उभी केली आहे. व्यवहारात आभास म्हणजे भ्रम. त्यामुळे आभासी प्रतिमा ही मनाची समजूत आणि वास्तव प्रतिमा ही हाताला लागेल अशी वस्तू, असा अर्थ घेतला जातो. 'पडद्यावर घेता येते ती वास्तव' ही व्याख्या त्यात भर घालते, कारण तिच्यामुळे पडदा हाच प्रतिमेचा जनक ठरतो. किरण त्या जागेतून खरोखर जातात की केवळ तेथून आल्यासारखे भासतात, एवढाच हा भेद आहे, हे वारंवार सांगावे लागते.

पडदा दूर केल्यावरही प्रतिमा हवेत आपल्या जागी असते, हे दाखवण्यासाठी जेवणाचा चमचा पुरतो. त्याच्या आतल्या बाजूत आपला चेहरा लहान व उलटा दिसतो. तो कोठे आहे असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर येते : चमच्यात. चमच्याचे नाभीय अंतर दोनएक सेंटिमीटरच असल्याने प्रतिमा त्याच्या पृष्ठासमोर सुमारे तेवढ्याच अंतरावर तरंगत असते. पेन्सिलीचे टोक तेथे धरून डोके डावी-उजवीकडे हलवावे. टोक आणि प्रतिमा एकमेकांपासून सरकत असतील तर जागा चुकली. दोन्ही एकत्र हलू लागली की प्रतिमेचा ठाव लागला. प्रयोगशाळेत सुया घेऊन ज्याला आपण पॅरॅलॅक्स काढणे म्हणतो ती हीच पराशयाची पद्धत. दुर्दैवाने ती यांत्रिक कृती म्हणून शिकवली जाते. यू-व्ही पद्धतीचा प्रयोग करून, आलेख काढून, नाभीय अंतराचे उत्तर बरोबर आणणाऱ्या विद्यार्थ्याला 'सुईचे टोक कशाला लावलेस?' असे विचारले तर 'दुसऱ्या सुईच्या प्रतिमेला, हवेत' हे उत्तर क्वचितच येते. प्रयोगवहीत डोळ्याचे स्थान दाखवणारी आकृती सक्तीची केली तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल.

बहिर्गोल आरसा : जवळ असूनही दूर

बहिर्गोल आरशाला वर्गात फार वेळ दिला जात नाही, कारण तक्त्यात त्याच्या वाट्याला दोनच ओळी आहेत. परंतु वाहनांच्या आरशावर लिहिलेली, वस्तू दिसतात त्याहून जवळ असल्याची सूचना तक्त्याशी ताडून पाहिली तर गंमत दिसते. बहिर्गोल आरशाची प्रतिमा नेहमी ध्रुव आणि नाभी यांच्या दरम्यान, म्हणजे आरशामागे अगदी जवळ असते. मग वस्तू दूर असल्यासारखी का वाटते?

१ मीटर नाभीय अंतराचा आरसा घेऊ. त्यापासून ९ मीटरवर २.५ मीटर उंचीचा ट्रक आहे आणि चालकाचा डोळा आरशापासून ६० सेंमीवर आहे. ट्रकची प्रतिमा आरशामागे ९० सेंमीवर, पाव मीटर उंचीची, म्हणजे डोळ्यापासून दीड मीटरवर असते. डोळ्यापाशी ती एक षष्ठांश रेडियन कोन करते. अडीच मीटरचा ट्रक एवढा कोन १५ मीटरवरून करतो. समतल आरशात तो ९.६ मीटरवर दिसला असता. चालकाचा मेंदू प्रतिमेचे अंतर मोजत नाही, ओळखीच्या वस्तूच्या कोनीय आकारावरून अंदाज बांधतो. प्रतिमा दीड मीटरवर, ट्रक नऊ मीटरवर आणि अंदाज पंधरा मीटरचा, असे तीन आकडे एकाच उदाहरणात येतात. ओलांडून पुढे जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव यांतील शेवटच्या दोहोंच्या फरकावर अवलंबून असू शकतो, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

गोल आणि अन्वस्त

आता 'जवळजवळ'विषयी. अक्षाला समांतर किरण आरशावर पडून आपतन कोन ३० अंशांचा होत असेल, तर स्तंभिका, अक्ष आणि परावर्तित किरण यांच्या समद्विभुज त्रिकोणावरून तो किरण अक्षाला वक्रता केंद्रापासून त्रिज्येच्या ०.५७७ पट अंतरावर छेदतो, म्हणजे ध्रुवापासून ०.४२३ पट अंतरावर. कोन १० अंशांचा असेल तर हेच अंतर ०.४९२ पट येते. नाभी त्रिज्येच्या निम्म्यावर असते हे विधान केवळ अक्षालगतच्या किरणांसाठी खरे आहे. स्टीलच्या वाटीत दूध ओतून ती तिरप्या उन्हात ठेवली, की दुधावर टोकदार पाकळीसारखी तेजोरेषा उमटते. दूर पडणाऱ्या किरणांचे हे विखुरलेपण तीत डोळ्यांनी पाहता येते, आणि तिचे टोक काठापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्यावर असते.

अन्वस्ताकृती पृष्ठ अक्षाला समांतर असलेले सर्व किरण एका बिंदूत आणते. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या तीसही अँटेना अन्वस्ताकृती आहेत, हे शैक्षणिक सहलीत विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. त्याचा या प्रकरणाशी संबंध मात्र जोडलेला नसतो. पृष्ठाच्या आकारातील सूक्ष्म चूक किती महागात पडते, याचे उदाहरण म्हणून १९९० मध्ये अवकाशात सोडलेली हबल दुर्बीण सांगावी. तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटरने अधिक सपाट घासला गेला होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारक प्रकाशयंत्रणा बसवेपर्यंत तिच्या प्रतिमांना धूसरपणाची कड होती.

चिन्हसंकेत आणि मूल्यमापन

चिन्हसंकेतांविषयी थोडेच लिहितो. ते प्रकरणाच्या आरंभी शिकवले जातात, ही क्रमातील चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. प्रतिमा कोठे असेल हे आकृतीवरून आधी सांगता येऊ लागल्यावर चिन्ह ही केवळ नोंद उरते. त्याआधी ते आले, तर विद्यार्थी चिन्हालाच भौतिकी समजतो आणि ऋण-धनाची बेरीज चुकल्यावर आरशामागे वास्तव प्रतिमा ठेवायलाही कचरत नाही.

मूल्यमापनाचे प्रश्न बदलल्याखेरीज अध्यापन बदलत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. 'अंतर्गोल आरशाने मिळणाऱ्या प्रतिमांचा तक्ता लिहा' या प्रश्नाऐवजी पुढीलसारखे प्रश्न अंतर्गत चाचणीत घालता येतील. २० सेंमी नाभीय अंतराच्या आरशासमोर ३० सेंमीवर दिवा आहे. पडदा नसताना प्रतिमा स्पष्ट पाहण्यासाठी डोळा आरशापासून किमान किती अंतरावर हवा? (प्रतिमा ६० सेंमीवर, म्हणून ८५ सेंमी.) त्याच मांडणीत डोळा ५० सेंमीवर ठेवला तर दृश्य कसे असेल, सकारण लिहा. आरशाच्या मध्यभागी रुपयाचे नाणे चिकटवले तर पडद्यावरील प्रतिमेत काय फरक पडेल? या शेवटच्या प्रश्नाला 'मध्ये काळा ठिपका दिसेल' असे उत्तर किती जणांनी दिले, ते मोजून ठेवावे. पुढील वर्षी कंपासपेटीची तासिका घेतल्यावर पुन्हा मोजावे.